नागसेनवन आणि भोवतालचा मुलूख



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संस्थेच्या कार्यकर्त्यांचा आग्रह झाला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे चाललेले. लेखणी चालते ती व्हाउचरवर आणि खातेदारांच्या अर्जांवर. तथापि कला शाखेचे पदवीधर या नात्याने एक प्रश्न पुष्कळ वर्षांपासून मनात घोळत आहे, तो या निमित्ताने आपणासमोर मांडावा असे वाटले. ज्या ठिकाणी कॉलेज उभे राहते त्या ठिकाणची रीतभात आणि सभोवतालच्या खेड्यापाड्यांची रीतभात यांत एवढे अंतर का पडते? चार कोसांवरच्या गावात जी गोष्ट जिवावर बेतू शकते, तीच गोष्ट कॉलेजच्या आवारात सहज कशी घडते? आणि हे अंतर चांगले की वाईट?

याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरातील नागसेनवनाचे. भंडाऱ्याच्या माणसाने मराठवाड्याचे उदाहरण का घ्यावे, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण घरगुती आहे. आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, पवनीकडील आमच्या खेड्यातून १९६४ साली मॅट्रिक होऊन नागसेनवनात शिकावयास गेले होते. दुसरे कारण असे, की परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आपल्या जिल्ह्याशी जो प्रत्यक्ष संबंध आला, तो याच काळातला. १९५४ साली भंडारा मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले. त्यावेळी त्यांनी औरंगाबादला लावलेले रोपटे चार वर्षांचे झाले होते. निवडणुकीतील यशापयश त्या-त्या वेळेपुरते असते. ते रोपटे मात्र वाढत गेले, आणि आमच्यासारख्यांच्या घरापर्यंत त्याची सावली आली.

शहर आणि भोवतालचा प्रदेश

औरंगाबाद हे मूळचेच आपल्या भोवतालाहून वेगळे शहर. मलिक अंबरने १६१० साली खडकी या नावाने ते वसविले. पुढे मोगल आले, मग निजाम आले. वली आणि सिराज हे उर्दूचे नामवंत कवी या शहराचे. पाणचक्की, बीबी का मकबरा, हिमरूची विणकाम-कला, दर्ग्यातील ग्रंथसंग्रह, अशी ही दरबारी संस्कृती होती. १९२३ साली येथे सरकारी इंटरमिजिएट कॉलेज निघाले, पण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. शहराच्या वेशीबाहेर पाऊल टाकले की सगळा मुलूख मराठी बोलणारा, कोरडवाहू शेतीवर जगणारा, आणि देशमुख-पाटलांच्या शब्दाबाहेर न जाणारा. अर्थात शिक्षणाची भाषा एक, घरची भाषा दुसरी. खेड्यातील गरिबाच्या मुलाला कॉलेजचे दार दिसणेही कठीण होते, आणि अस्पृश्य समाजाच्या मुलाला तर ते स्वप्नातही दिसत नसे.

त्या मुलखात माणसाला काय वागणूक मिळत होती, हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवले होते. १९३४ साली ते आपल्या सहकाऱ्यांसमवेत वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. एवढ्यावरून हौद बाटविला म्हणून गलका झाला, लोक जमले, आणि अखेर पाण्याला स्पर्श करणार नाही या अटीवर, शिपाई बरोबर देऊन, त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. परदेशातील विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेल्या विद्वानाची ही कथा! ती त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. मित्रहो, दौलताबाद आणि औरंगाबाद यांत अंतर आहे पंधराएक किलोमीटरचे. सोळा वर्षांनी त्याच परिसरात त्यांनी कॉलेज काढले, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या कॉलेजचा अर्थ नीट समजतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामाची राजवट संपली. १९४५ साली स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलेच होते. जून १९५० मध्ये सोसायटीचे औरंगाबादचे कॉलेज छावणीतील बराकींमध्ये सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे साक्षेपी शिक्षक लाभले. पुढे या कॉलेजला 'मिलिंद महाविद्यालय' आणि परिसराला 'नागसेनवन' ही नावे मिळाली. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते त्यानंतर, १९५८ साली. म्हणजे विद्यापीठ येण्यापूर्वी आठ वर्षे नागसेनवनात दिवा लागलेला होता.

नावातील अर्थ

कित्येकांना वाटते की ही नावे केवळ बौद्ध इतिहासातील म्हणून ठेवली असावीत. पण त्यांत फार मोठा आशय आहे. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा. तो मोठा वादपटू होता. त्याच्या प्रश्नांपुढे कोणी टिकत नसे. भदंत नागसेन यांनी त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली. त्यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आलेला आहे.

त्या संवादाच्या आरंभी एक प्रसंग आहे. राजा चर्चेला बोलावतो तेव्हा नागसेन त्याला विचारतात, की आपण पंडित बोलतात तसे बोलणार की राजे बोलतात तसे? राजा दोहोंतील फरक विचारतो. नागसेन सांगतात की पंडितांच्या बोलण्यात एकमेकांचे म्हणणे खोडले जाते, चूक दाखविली जाते, चूक कबूलही केली जाते, आणि त्यावरून कोणी रागावत नाही. राजांच्या बोलण्यात मात्र राजाने एक मत मांडले आणि समोरच्याने ते नाकारले, तर त्याला शिक्षा होते. मिलिंद राजा पंडितांप्रमाणे बोलण्याचे मान्य करतो, आणि मगच चर्चा सुरू होते.

आमच्या अल्पमतीनुसार कॉलेज आणि भोवतालचा मुलूख यांतील सगळा फरक या एका प्रसंगात आलेला आहे. इमारती, बागा, चहाची दुकाने, मुलांचे कपडे हे वरवरचे फरक होत. खरा फरक एवढाच, की कोणी कोणाला प्रश्न विचारावा आणि विचारल्यास शिक्षा होते की नाही. खेड्यात पाटील विचारी आणि बाकीचे ऐकत. आमच्या समाजाने तर खाली मान घालून जोहार करावयाचा आणि सांगितलेले काम करावयाचे. नागसेनवनात मजुराचा मुलगा उभा राहून प्राध्यापकाला विचारू शकत होता, की सर, हे असेच कशावरून? आणि प्राध्यापक त्याला उत्तर देत होते.

मोठेबाबांचे नागसेनवन

मोठेबाबा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत रात्री अंगणात बाजा टाकून आम्ही मुले त्यांच्या गोष्टी ऐकत असू. भंडारा रोड स्टेशनवरून नागपूर, तेथून मनमाड, आणि मनमाडला गाडी बदलून मीटरगेजच्या लहान गाडीने औरंगाबाद, असा तो प्रवास. बरोबर पत्र्याची पेटी आणि आजीने बांधून दिलेले तांदूळ. आपला हा धानाचा मुलूख. तिथे ताटात रोज ज्वारीची भाकर. पहिला महिना पोट भरल्यासारखेच वाटत नव्हते, असे ते सांगत.

दुसरी अडचण बोलीची. मराठवाड्याची मुले विचारीत, "काय करायलास?" आणि हे उत्तर देत, "काही नाही, वाचून राहिलो." त्यावर खोलीत हशा पिके. आपल्या झाडीपट्टीत 'ण' फारसा नाही. 'पानी', 'लोनी' हेच शब्द. पण गंमत अशी, की तिथे प्रत्येकाच्या बोलीवर कोणी ना कोणी हसतच होते. खानदेशच्या मुलाला सारे हसत, वऱ्हाडच्याला सारे हसत, आणि बीड-परभणीच्या मुलांना हे सगळे मिळून हसत. सर्वांवरच हसल्याने कोणाचाच पाणउतारा होत नसे. गावाकडे मात्र बोलीवरून माणसाची पायरी ठरत असे.

पंगतीला बसताना शेजारच्याची जात कोणी विचारीत नव्हते, ही गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. मिलिंद महाविद्यालयाचे दार सर्वांना उघडे होते, तेथे सर्व जातिधर्मांचे विद्यार्थी शिकत आणि सर्व जातिधर्मांचे प्राध्यापक शिकवीत. आजच्या मुलांना याचे नवल वाटणार नाही. पण ज्यांच्या गावात हॉटेलाबाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असे, त्यांना ते केवढे वाटले असेल याचा विचार करावा.

आणखी एक फरक त्यांनी सांगितला, त्याकडे आमचे लक्ष पुष्कळ उशिरा गेले. तो वेळेचा. खेड्यातील गरिबाचा वेळ त्याचा स्वतःचा नसतो. रोवणीला मालकाने हाक मारली की गेले पाहिजे. कोणाचे कार्य निघाले की राबले पाहिजे. वसतिगृहातील मुलाला आयुष्यात प्रथमच सकाळी दोन तास आणि रात्री तीन तास असे मिळाले, की ज्यांवर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता. त्या वेळात तो वाचू लागला. वाचता वाचता आपल्या गावाकडे लांबून पाहू लागला. आजवर ज्याला तो नशीब म्हणत होता, त्याला कोणीतरी घडविलेली व्यवस्था म्हणू लागला. संस्कृतीतील अंतर पडते ते असे.

मात्र हा वेळ फुकट मिळत नाही. त्यासाठी कोणीतरी खर्च सोसावा लागतो. शिष्यवृत्तीचा इतिहास विद्यार्थ्यांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. १९५६ साली धम्मदीक्षा झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने नवबौद्ध अनुसूचित जातीत राहिले नाहीत आणि सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर राज्य शासनाने आपल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या पातळीवर मात्र त्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. ज्या पिढीने धम्मासाठी सवलतींवर पाणी सोडण्याची तयारी ठेवली, ती पिढी अर्धपोटी राहून शिकली, याचे स्मरण ठेवावे.

खेडे छापले गेले

नागसेनवनात केवळ परीक्षा झाल्या असत्या तर आज आम्ही हा लेख लिहिला नसता. प्राचार्य चिटणीसांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. महाविद्यालयात बाबासाहेबांच्या उपस्थितीत त्याचा प्रयोग झाला, आणि १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी जमलेल्या जनसमुदायापुढेही ते सादर झाले. आपल्या झाडीपट्टीत मंडईच्या रात्री नाटके होतात, दंडार होते. तेव्हा नाटक म्हणजे काय हे आपणास सांगावयास नको. पण आपल्याच समाजाच्या युगायुगांच्या दुःखाचे नाटक रंगभूमीवर यावे, ही गोष्ट नवी होती.

मूळचे नागपूरचे डॉ. गंगाधर पानतावणे मिलिंद महाविद्यालयात मराठी शिकवीत असत. १९६७ साली 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले आणि त्याचेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. पानतावणे सरांनी ते आयुष्यभर चालविले. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत अध्ययन करून आलेले डॉ. म. ना. वानखडे मिलिंदचे प्राचार्य झाले. त्यांनी तेथील निग्रो लेखकांच्या, आजच्या शब्दांत कृष्णवर्णीय लेखकांच्या, साहित्याकडे आपल्या तरुणांचे लक्ष वेधले. दूरच्या देशातही आपल्यासारखे दुःख आहे आणि तेथील लोकांनी ते लिहून काढले आहे, हे कळल्यावर येथील मुलांनीही लेखणी उचलली.

या नियतकालिकात काय छापून येई? गावकुसाबाहेरची वस्ती, मेलेले जनावर ओढणे, पाणवठा, आईचे कष्ट, शाळेत दाराबाहेर बसणे. म्हणजे जे खेडे मागे टाकून मुले आली होती, तेच खेडे कॉलेजच्या गावात छापले गेले. खेड्यात राहून हे लिहिता आले नसते, कारण तेथे लिहिणाऱ्याला शिक्षा होती. आणि खेडे पाहिलेलेच नसते तर शहरात राहूनही लिहिता आले नसते. दोन्ही पाहिजेत, हे आम्हाला येथे अधोरेखित करावयाचे आहे. मोठेबाबा गावी परत येऊन शिक्षक झाले. टपालाने येणारा 'अस्मितादर्श'चा अंक ते आपल्या पेटीत जपून ठेवीत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना ते वाचून दाखवीत. अमरावती जिल्ह्यातील खेड्यातून मिलिंदमध्ये शिकावयास गेलेले डॉ. सुखदेव थोरात पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. अशी मोठी नावे आपण अभिमानाने घेतो. पण कंदिलाच्या उजेडात चार म्हाताऱ्यांना अंक वाचून दाखविणारे शिक्षकही नागसेनवनाचेच फळ होते.

अंतराची किंमत

आता दुसरी बाजू पाहू. कॉलेजचे आवार पंडितांप्रमाणे बोलू लागले, पण भोवतालचा मुलूख राजांप्रमाणेच बोलत राहिला, तर काय होते? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्याबरोबर मराठवाड्यात आगडोंब उसळला. खेड्यापाड्यांतून आपल्या बांधवांची घरे जाळण्यात आली, अनेकांना गाव सोडून परागंदा व्हावे लागले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली.

यात एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. नामांतराला झालेल्या विरोधात कॉलेजचे विद्यार्थी होते आणि शिक्षकही होते. म्हणजे कॉलेजात गेले की माणूस आपोआप उदार होतो, हा भ्रम होय. उलट नामांतराच्या बाजूने सर्व जातींचे समतावादी कार्यकर्ते उभे राहिले, हेही खरे. वाद विद्यापीठाच्या नावाचा होता. सभा, मोर्चे, पत्रके यांचा जोर शहरात होता. पण घरे जळाली ती खेड्यांत. ज्यांच्यापैकी पुष्कळांनी विद्यापीठाची कमानही पाहिलेली नव्हती, त्यांनी त्याच्या नावाची किंमत दिली. शहरातील आपला विद्यार्थी वसतिगृहात शंभर मित्रांमध्ये होता. खेड्यातील त्याचा बाप एकटा होता.

१९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. अखेर साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार होऊन 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव मिळाले. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी जनसागर लोटतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही चार मित्रांसह गेलो होतो. पुस्तकांच्या दुकानांतून नऊवारीतल्या म्हाताऱ्या मायमाउल्या नातवंडांसाठी पुस्तके घेत होत्या. त्यांपैकी एकीने त्या कमानीच्या पायाशी डोके टेकविले. आम्हाला प्रथम वाटले, विद्येच्या ठिकाणी हे कशाला? नंतर वाटले, त्या कमानीसाठी कोणाचे घर जळाले होते हे आपणास काय ठाऊक? आम्ही मुकाट्याने बाजूला झालो.

टस्केगीची गाडी

हे अंतर कमी करण्याचा उपाय जगात कोणी शोधला आहे काय? वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्य हे कापसाचे, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे. तेथे टस्केगी या लहानशा गावी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली कृष्णवर्णीयांसाठी विद्यालय काढले. १८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तेथे आले. त्यांच्या लक्षात आले, की शेतकरी काही विद्यालयात येऊ शकत नाही. त्याच्याजवळ ना वेळ, ना कपडे, ना धीर. तेव्हा १९०६ साली त्यांनी एक घोडागाडीसारखी गाडी तयार करविली. त्यात सुधारित अवजारे, बियाणे, दूधदुभत्याची साधने भरून ती खेड्याखेड्यांतून फिरू लागली. विद्यालयच शेतकऱ्याच्या बांधावर गेले.

टस्केगीभोवतीचा वर्णद्वेष या गाडीने नाहीसा झाला नाही. पण विद्यालय आणि खेडे यांमधला रस्ता वाहता राहिला. शिकलेला माणूस आपला आहे, तो काहीतरी घेऊन परत येतो, हा विश्वास खेड्याला वाटत राहिला. आम्हाला वाटते, अंतर पडण्यात दोष नाही. अंतर पडलेच नाही तर प्रश्न विचारण्यास जागाच उरत नाही. दोष आहे तो परतीचा रस्ता बुजू देण्यात.

आणि आपण?

आता आपल्या भंडाऱ्याकडे वळू. १९९९ साली गोंदिया वेगळा होऊन आपला जिल्हा लहान झाला. कॉलेजे झाली, नागपूर तर साठेक किलोमीटरवर. ज्या पवनीला उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले, तेथून जवळच आमचे खेडे. आमच्या पिढीतील पुष्कळजण शिकले, नोकरीला लागले, शहरात प्लॉट घेऊन राहिले. गावाकडील विहार मात्र जयंतीला आणि वर्षावासात उघडतो, एरवी कुलूप. मुले स्पर्धा परीक्षांसाठी नागपूर-पुण्याला जातात, आणि गावी दोन दिवस आली तर मोबाईलमध्ये डोके घालून बसतात. दोष त्यांना देऊन काय उपयोग? आम्हीही त्यांतलेच. एक प्रसंग सांगतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी ऐन रोवणीच्या दिवसांत एक बाई आमच्या काउंटरवर आल्या. मुलाची शिष्यवृत्ती मंजूर झाली पण खात्यात आली नाही, अशी तक्रार. आता शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या मार्गाने, आधार क्रमांक ज्या खात्याशी जोडलेला असेल त्याच खात्यात जाते. मुलाने दुसरीकडेही खाते उघडलेले असावे आणि आधार तिकडे जोडले गेलेले असावे. आम्ही मान वर न करता म्हणालो, "तुमचे आधार सीडिंग अन्यत्र दिसते, तिकडे चौकशी करा." त्या गेल्या. दोन दिवसांनी पुन्हा आल्या, आम्ही तेच सांगितले. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा काउंटरला धरून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबू, मी तुह्याच गावची होय. तीन दिवसांची रोजी बुडली."

मित्रहो, आम्ही त्यांना ओळखले नव्हते, एवढेच खरे नाही. त्यांना कळेल अशा भाषेत दोन वाक्ये बोलण्याचीही तसदी आम्ही घेतली नव्हती. ज्या बोलीवरून मोठेबाबांना कोणी कमी लेखले नाही, तीच बोली कानी येताच आमची मान खालीच राहिली होती. नागसेनांच्या शब्दांत सांगावयाचे तर आम्ही राजासारखे बोललो होतो. त्या दिवशी त्यांना बसविले, मुलाला फोन लावला, कोणते खाते जोडलेले आहे ते त्याच्याकडून पाहून घेतले, आणि ते बदलण्याचा अर्ज भरून घेतला. वीस मिनिटांचे काम. त्यासाठी एका आईचे तीन दिवस गेले.

म्हणून विद्यार्थी मित्रांना प्रथम एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यापूर्वी आपला आधार क्रमांक कोणत्या खात्याशी जोडलेला आहे ते तपासा. खाते वापरात ठेवा, केवायसीचे कागद वेळेवर द्या, नाहीतर खाते निष्क्रिय होते. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. वसतिगृहाची खोली आणि वेळेवर आलेला पैसा यांतूनच तो मोकळा वेळ मिळतो, ज्यातून नागसेनवन घडले.

आणि संस्थेच्या सभासदांना नम्र सूचना. आपल्यात बँकवाले आहेत, शिक्षक आहेत, कार्यालयांतील कर्मचारी आहेत. महिन्यातून एका रविवारी आपण आळीपाळीने एकेका गावच्या विहारात जाऊन बसावे. अर्ज भरून द्यावेत, एखादे पुस्तक वाचून दाखवावे, आणि मुख्य म्हणजे लोकांना प्रश्न विचारू द्यावेत. आपल्यालाही विचारू द्यावेत! "तुम्ही शिकले, आमच्यासाठी काय केले?" असे एखाद्या म्हातारीने विचारले तर रागावू नये. टस्केगीला गाडी होती. आपल्यापाशी मोटारसायकली आहेत. रस्तेही आता बरे झाले आहेत.

आम्ही स्वतः पहिल्या रविवारी आमच्या गावच्या विहाराचे कुलूप उघडण्याचे ठरविले आहे. मोठेबाबांच्या पेटीतील 'अस्मितादर्श'चे अंक तेथे ठेवणार आहोत. त्या बाईंचा मुलगा नागपूरहून येणार आहे. तो बोलेल, आणि गाव त्याला प्रश्न विचारील. ज्यांना येणे शक्य असेल त्यांनी अवश्य यावे, ही विनंती करून आपली रजा घेतो.

जयभीम!